दात्याची परीक्षा : एझ्रा कॉर्नेल यांचे चरित्र
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)



संस्थेच्या पन्नाशीच्या निमित्ताने एखाद्या संस्थापकाचे चरित्र सांगावे, अशी सूचना मला करण्यात आली. दात्यांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकतो. त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी गरिबी, मग कष्ट, मग संपत्ती, त्यानंतर दान आणि अखेरीस पुतळ्याचे अनावरण. आज ज्या गृहस्थांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या चरित्रात हे सारे आहेच. परंतु दान आणि पुतळा यांच्या मध्ये आणखी एक प्रकरण आहे, आणि ते फार थोड्या दात्यांच्या वाट्याला येते. आपले सर्वस्व एका संस्थेला देऊ केलेल्या या माणसावर, त्याच संस्थेच्या नावाने जनतेची मालमत्ता लुबाडल्याचा आरोप भर विधानसभेत झाला. या प्रकरणासाठीच मी हे चरित्र निवडले आहे.

गृहस्थांचे नाव एझ्रा कॉर्नेल. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ११ जानेवारी १८०७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील एलिजा हे कुंभारकाम करीत. घरात अकरा भावंडे, आणि एझ्रा त्यांत थोरला. कुटुंब क्वेकर पंथाचे होते. ख्रिस्ती धर्मातील हा पंथ साधा पोशाख, मितभाषण, युद्धाला विरोध आणि गुलामगिरीचा निषेध यांसाठी प्रसिद्ध आहे. १८१९ च्या सुमारास कुटुंब राज्याच्या अंतर्भागातील डीरायटर या गावी आले. शाळा हिवाळ्यापुरती असे, आणि तीही घरची कामे उरकली तर. एकदा शाळेत एक सत्र बसता यावे म्हणून एझ्राने आणि त्याच्या धाकट्या भावाने चार एकर जंगल तोडून वडिलांना जमीन साफ करून दिली. सतराव्या-अठराव्या वर्षी त्याने कुटुंबासाठी लाकडी दुमजली घर स्वतः आखून बांधले. औपचारिक शिक्षण याच्या पुढे गेले नाही.

१८२८ साली हा तरुण सुतार पायी चालत इथाका या गावी आला. कायुगा सरोवराच्या टोकाशी, दऱ्या आणि धबधबे यांच्या मध्ये वसलेले ते एक खेडेच होते. तेथे जेरेमाया बीब यांच्या जिप्सम दळण्याच्या आणि पिठाच्या गिरण्या होत्या. त्यांच्याकडे एझ्रा नोकरीला लागला आणि लवकरच सर्व कारभार पाहू लागला. गिरणीला पाणी आणण्यासाठी त्याने कड्याच्या पोटातून सुरुंगाने बोगदा काढला. पुढे वरच्या बाजूला बांधही घातला. त्या बांधामुळे निर्माण झालेला तलाव आज विद्यापीठाच्या आवारात आहे आणि मालकाच्या, म्हणजे बीब यांच्या, नावाने ओळखला जातो.

१८३१ मध्ये त्याने मेरी ॲन वुड या मुलीशी विवाह केला. ती क्वेकर नव्हती. पंथाबाहेर विवाह केल्याबद्दल क्वेकर सभेने त्याला बहिष्कृत केले. नियम थोडा सौम्यही होता: झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला, तर पुन्हा प्रवेश मिळू शकत होता. एझ्राने खेद व्यक्त करण्यास नकार दिला. आयुष्याचा सोबती निवडणे ही माझ्या सुखाची गोष्ट आहे, तिच्याबद्दल मी पश्चात्ताप कसा करू, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. तो नास्तिक झाला नाही, पत्रांत क्वेकरांची जुनी वळणेही टिकून राहिली, परंतु यानंतर कोणत्याही पंथाच्या चौकटीत तो बसला नाही. तीसहून अधिक वर्षांनी विद्यापीठाच्या सनदेत जे एक कलम आले, त्याचे बीज याच प्रसंगात असावे, असे मला वाटते. त्याकडे पुढे येऊच.

१८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतर बीब यांनी कारभार आवरता घेतला, आणि मोठे कुटुंब पदरी असलेले कॉर्नेल बेकार झाले. काही व्यवहार केले, ते फसले. १८४२ साली त्यांनी एका सुधारित नांगराचे विक्रीहक्क मेन आणि जॉर्जिया या दोन राज्यांपुरते विकत घेतले. नकाशा पाहिला तर मेन देशाच्या ईशान्य टोकाला आणि जॉर्जिया पार दक्षिणेला आहे. उन्हाळ्यात उत्तरेकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे फिरायचे, असा त्यांचा हिशेब होता. भाड्याला पैसे नसत, म्हणून यातील कित्येक कोस त्यांनी पायी तुडवले. नांगर काही फारसे खपले नाहीत. मात्र या नांगरानेच त्यांना तारेपाशी नेऊन सोडले.

मेनमधील पोर्टलंड येथे फ्रान्सिस स्मिथ नावाचे माजी काँग्रेस सदस्य एक शेतीविषयक पत्र चालवीत. नांगराच्या निमित्ताने कॉर्नेल यांचा त्यांच्याशी परिचय होता. १८४३ च्या उन्हाळ्यात ते स्मिथ यांच्याकडे गेले, तेव्हा हे गृहस्थ जमिनीवर गुडघे टेकून खडूने काहीतरी आकृती काढीत होते. वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही सुमारे चाळीस मैलांची तारायंत्राची चाचणी-वाहिनी उभारण्यासाठी काँग्रेसने सॅम्युएल मोर्स यांना तीस हजार डॉलर मंजूर केले होते. तार शिशाच्या नळीत घालून जमिनीखालून न्यायची होती आणि नळी पुरण्याचे कंत्राट स्मिथ यांनी घेतले होते. चर कसा खणावा आणि पुन्हा बुजवावा कसा, हा त्यांच्यापुढचा पेच होता. कॉर्नेल यांनी पाहताक्षणी सांगितले की दोन वेगळी यंत्रे नकोतच. अरुंद फाळाचा खोल नांगर चालवायचा, त्याच्या मागून नळी चिरेत सोडत जायची, माती आपोआप मिटेल. त्यांनी तसा नांगर करून दाखवला. मोर्स स्वतः पाहायला आले आणि नांगर विकणारा हा फिरता विक्रेता तारायंत्राच्या कामावर रुजू झाला.

पुढे जे घडले त्यावर चरित्रकार हसून पुढे जातात. मला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. काही मैल नळी पुरल्यावर लक्षात आले की आतील तारांचे रोधक वेष्टण सदोष आहे आणि संदेश पोहोचणे अशक्य आहे. ही गोष्ट वर्तमानपत्रांना कळली असती, तर सरकारी पैसा वाया गेल्याचा गवगवा होऊन सारा प्रयोगच बुडाला असता. काम थांबवायचे, पण कारण कळू द्यायचे नाही, अशी अडचण मोर्स यांनी कॉर्नेल यांच्या कानावर घातली. कॉर्नेल यांनी खेचरांना हाकारले आणि नांगराचा फाळ मुद्दाम एका खडकावर आदळवला. यंत्र मोडले. ते दुरुस्त होईपर्यंत काम बंद, अशी बातमी छापून आली आणि मोर्स यांना विचार करायला अवधी मिळाला.

ही चतुराई होती, यात शंका नाही. जनतेच्या पैशातून चाललेल्या कामातील दोष जनतेपासून लपवणे हीही त्यात होतेच. पुढे कॉर्नेल यांच्यावर जे आरोप झाले, त्यांत तथ्य नव्हते हे सिद्ध झाले. तरीही त्यांच्या स्वभावात एक गोष्ट कायम होती: काम तडीस जाणार असेल, तर इतरांना खुलासा देण्याची त्यांना फारशी गरज वाटत नसे. या गोष्टीची किंमत त्यांनी पुढे मोजली.

तो हिवाळा त्यांनी वॉशिंग्टनमधील ग्रंथालयात विद्युतशास्त्राची पुस्तके वाचण्यात घालवला. चार बुके शिकलेला सुतार सदतिसाव्या वर्षी नव्या शास्त्राचे धडे गिरवीत होता. तार जमिनीखालून न नेता खांबांवरून न्यावी आणि खांबाशी काचेचे रोधक बसवावे, हा मार्ग अखेर स्वीकारला गेला आणि कॉर्नेल यांनी तो प्रत्यक्षात उतरवला. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला अधिकृत संदेश गेला.

मोर्स यांनी हा शोध सरकारला एक लाख डॉलरना देऊ केला, पण सरकारने घेतला नाही. तारायंत्र खाजगी व्यापाऱ्यांच्या हाती गेले. पुढील दहा-बारा वर्षे कॉर्नेल यांनी न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, ऑल्बनी आणि पश्चिमेकडील सरोवरांच्या काठची शहरे तारेने जोडली. मजुरीचा मोबदला ते रोख न घेता कंपन्यांच्या भागांत घेत. त्या काळात या भागांना विचारणारे कोणी नव्हते. तारा तुटत, प्रतिस्पर्धी कंपन्या एकमेकींचे दर पाडत, देणेकरी दाराशी उभे राहत. इथाकात मेरी ॲन उधारीवर संसार चालवीत होत्या, आणि काही मुले बालपणीच दगावली. नवरा मात्र भाग विकायला तयार नव्हता. आपल्यापैकी अनेक जण व्यापारी आहेत, तेव्हा या हट्टाला काय म्हणावे हे मी आपणांस सांगायला नको. बाजार चढला की त्याला दूरदृष्टी म्हणतात, आणि पडला की घरबुडवेपणा.

बाजार चढला. १८५६ मध्ये हायरम सिब्ली यांच्या कंपनीशी कॉर्नेल यांच्या वाहिन्यांचे एकत्रीकरण झाले आणि कॉर्नेल यांच्या आग्रहावरून नव्या कंपनीचे नाव वेस्टर्न युनियन ठेवण्यात आले. १८६१ मध्ये या कंपनीची तार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचली. त्यापाठोपाठ यादवी युद्धाने तारेची मागणी कित्येक पटींनी वाढवली. वेस्टर्न युनियनचे सर्वांत मोठे भागधारक कॉर्नेल होते. १८६४ साली आपल्या जुन्या हिशेबवहीत त्यांनी नोंदवून ठेवले की यंदाचे उत्पन्न एक लाख डॉलरच्या वर जाईल, आणि आता मोठी चिंता आहे ती ही रक्कम आश्रितांच्या, गरिबांच्या आणि पुढील पिढ्यांच्या सर्वाधिक कल्याणासाठी कशी खर्च करावी याची. ही वही कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेली नव्हती, म्हणून मला ती नोंद भाषणांहून अधिक विश्वसनीय वाटते.

त्यांचे राजकारण थोडक्यात सांगतो. ते आधी व्हिग पक्षाचे होते. गुलामगिरीच्या प्रश्नावर नवा रिपब्लिकन पक्ष निघाला, तेव्हा पहिल्यापासून त्यात गेले. १८६१ मध्ये लिंकन यांच्या शपथविधीला ते हजर होते. १८६२ आणि १८६३ साली ते न्यूयॉर्कच्या विधानसभेत आणि १८६४ ते १८६७ या काळात राज्याच्या सिनेटमध्ये होते. वक्ते म्हणून त्यांची ख्याती नव्हती. उंच, हाडकुळे, करारी चेहऱ्याचे हे गृहस्थ सभागृहात क्वचितच बोलत.

त्यांच्या पहिल्या दानाचे विधेयक मात्र या सिनेटमध्येच आले. इथाका गावाला सार्वजनिक ग्रंथालय देण्याचा त्यांचा विचार होता आणि त्याच्या सनदेचे विधेयक शिक्षणविषयक समितीकडे गेले. समितीचे अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट हे एकतीस वर्षांचे, येल विद्यापीठात आणि युरोपात शिकलेले प्राध्यापक होते. विधेयक वाचताना त्यांचे लक्ष रकमेपेक्षा विश्वस्तांच्या यादीकडे गेले. गावातील निरनिराळ्या पंथांचे धर्मगुरू त्यात होते, त्यांत कॅथलिकही होते. कॉर्नेल यांचे राजकीय विरोधकसुद्धा होते. स्वतःच्या पैशाने उभ्या राहणाऱ्या संस्थेच्या मंडळावर आपल्याशी न पटणारी माणसे बसवणारा हा मनुष्य कोण, अशी जिज्ञासा व्हाइट यांच्या मनात उत्पन्न झाली, आणि त्यातून पुढील सारे घडले. हे ग्रंथालय १८६६ च्या डिसेंबरात खुले झाले.

आता जमिनीच्या प्रकरणाकडे वळतो. हे जरा सविस्तर सांगावे लागेल. २ जुलै १८६२ रोजी लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर स्वाक्षरी केली. शेती, यंत्रविद्या आणि इतर विषय शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी केंद्र सरकारने प्रत्येक राज्याला त्याच्या काँग्रेसमधील प्रत्येक सदस्यामागे तीस हजार एकर सार्वजनिक जमीन देऊ केली. न्यूयॉर्कच्या वाट्याला सुमारे ९ लाख ९० हजार एकर आली, सर्व राज्यांत अधिक. पण न्यूयॉर्कमध्ये केंद्राची मोकळी जमीन नव्हतीच. अशा राज्यांना जमिनीऐवजी कागद मिळाले. जमिनीची हुंडीच म्हणा ना. अट अशी की राज्याने स्वतः परराज्यात जमीन घ्यायची नाही, हुंडी विकायची. विकत घेणाऱ्याने मात्र पश्चिमेकडे हवी ती मोकळी सरकारी जमीन तिच्या बदल्यात घ्यावी. सगळी राज्ये एकदम हुंड्या विकू लागली तेव्हा व्हायचे तेच झाले. एकरी सव्वा डॉलरचा सरकारी भाव असलेल्या हुंडीला बाजारात पन्नास-साठ सेंट मिळेनात.

या निधीवर राज्यातील अनेक संस्थांचा डोळा होता. कॉर्नेल स्वतः ओव्हिड येथील कृषी महाविद्यालयाचे विश्वस्त होते आणि निम्मा निधी त्याला मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. व्हाइट यांनी ठाम विरोध केला. तुकडे झाले तर एकही संस्था उभी राहणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कॉर्नेल यांनी आपल्या पदरचे तीन लाख डॉलर देऊ केले, तरीही व्हाइट विभागणीला राजी झाले नाहीत. कॉर्नेल यांनी याचा राग धरला नाही, विचार केला. काही दिवसांनी त्यांनी व्हाइट यांना सांगितले की कुटुंबाच्या गरजेपेक्षा आपल्याजवळ पाच लाख डॉलर अधिक आहेत, त्यांचा राज्यासाठी उत्तम उपयोग कोणता? व्हाइट यांनी एकाच मोठ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. ते सिरॅक्यूज शहरात असावे, अशी व्हाइट यांची इच्छा होती. कॉर्नेल यांनी ती साफ फेटाळली. तरुणपणी सिरॅक्यूजमध्ये त्यांची मजुरी दोनदा बुडवली गेली होती, आणि तीस-चाळीस वर्षांनंतरही त्या गावाला क्षमा नव्हती. थोर माणसांच्या निर्णयांतही अशी जुनी उधारी कधी कधी वसूल होत असते!

सनद सहज मिळाली नाही. एका पंथीय महाविद्यालयाचे समर्थक अडून बसले आणि त्या महाविद्यालयाला पंचवीस हजार डॉलर दिल्यावाचून मते मिळेनात. कॉर्नेल यांनी तेही दिले. २७ एप्रिल १८६५ रोजी, लिंकन यांच्या हत्येनंतर दोन आठवड्यांच्या आत, गव्हर्नर फेंटन यांनी सनदेवर स्वाक्षरी केली. कॉर्नेल यांचे पाच लाख डॉलर आणि इथाकातील आपल्या शेतातील डोंगरमाथ्याची जमीन, असा दानाचा तपशील होता. राज्याच्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघातून दरवर्षी एक, असे १२८ विद्यार्थी विनाशुल्क घ्यायचे होते. आणि मघाशी उल्लेखिलेले कलम: विश्वस्त मंडळात कोणत्याही एका पंथाच्या लोकांचे कधीही बहुमत असू नये, कोणताही पंथ न मानणाऱ्यांचेही असू नये. बहिष्कृत झालेल्या मनुष्याने लिहावे असेच हे कलम आहे, जरी त्याची शब्दरचना व्हाइट यांची असली तरी. या कलमापायी पुढे व्यासपीठांवरून आणि चर्चमधून या विद्यापीठाला देवहीन म्हणून झोडपण्यात आले.

राहिली जमीन. हुंड्या पडत्या भावात विकून निधी आटून जाणार, हे कॉर्नेल यांना दिसत होते. राज्याला जमीन घेता येत नव्हती, पण व्यक्तीला येत होती. १८६६ मध्ये त्यांनी राज्याशी करार केला. उरलेल्या हुंड्या ते स्वतः बाजारभावाने घेणार, त्यांवर चांगली जमीन निवडणार, भाव येईपर्यंत सांभाळणार, निवडीचा खर्च आणि दरवर्षीचे कर स्वतःच्या खिशातून भरणार आणि नफा निघेल तो सगळाच्या सगळा विद्यापीठाला देणार. आपल्यासाठी एक छदामही नाही. त्यांनी विस्कॉन्सिन राज्यातील चिपेवा नदीच्या खोऱ्यातील पाइनची जंगले निवडली. एकूण सुमारे पाच लाख एकर जमीन त्यांच्या नावावर झाली.

त्यांच्या नावावर, हे शब्द लक्षात घ्या. गावोगावी कर भरण्याच्या नोटिसा एझ्रा कॉर्नेल या नावाने निघत. विस्कॉन्सिनमधील लोकांच्या दृष्टीने हा पूर्वेकडचा सावकार जंगल अडवून बसला होता. न्यूयॉर्कमधील लोकांच्या दृष्टीने राज्याची मालमत्ता पडत्या भावात एका व्यक्तीच्या घशात गेली होती. करार कोणी वाचला नाही. १८७३ साली विधानसभेत उघड आरोप झाला की विद्यापीठाचा बहाणा करून कॉर्नेल आपल्या वंशजांसाठी प्रचंड संपत्ती जमवीत आहेत. कॉर्नेल यांनी स्वतःच चौकशीची मागणी केली. माजी गव्हर्नर होरेशियो सीमोर यांच्यासारखे प्रतिष्ठित सदस्य असलेला आयोग नेमला गेला. जमा-खर्च तपासल्यावर आयोगाला कॉर्नेल यांनी स्वतःचा लाभ केल्याचे आढळले नाही. उलट त्यांचे लाखो डॉलर त्यात अडकलेले होते.

आणि हे सारे त्यांच्या सर्वांत वाईट वर्षी घडले. इथाकाला रेल्वेने जोडल्याशिवाय विद्यापीठ वाढणार नाही, या ध्यासाने त्यांनी छोट्या छोट्या लोहमार्गांच्या कंपन्यांत पैसा ओतला होता. मित्रांनी विरोध केला होता. तारेच्या बाबतीत हट्ट फळाला आला, म्हणून रेल्वेच्या बाबतीतही येईल, अशी त्यांची समजूत असावी. १८७३ च्या आर्थिक पडझडीत ते मार्ग बुडाले आणि संपत्तीचा फार मोठा भाग गेला. १८७४ च्या शरद ऋतूत त्यांनी जमिनीचा करार विद्यापीठाच्या हवाली केला आणि ९ डिसेंबर १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. टेकडीच्या उतारावर त्यांनी बांधायला घेतलेला दगडी वाडा अपुरा होता. आपल्या आडनावाची अक्षरे उलट क्रमाने लिहून त्याला नाव दिले होते. त्या वाड्यात त्यांना राहायला मिळाले नाही.

जंगलाचा भाव त्यांच्या मृत्यूनंतर वाढला. लाकडाचे व्यापारी असलेले विश्वस्त हेन्री सेज यांनी विद्यापीठाला घाईने विक्री करू दिली नाही, आणि टप्प्याटप्प्याने झालेल्या विक्रीतून विद्यापीठाला सुमारे पन्नास लाख डॉलर निव्वळ मिळाले. त्या काळी एवढा निधी फार थोड्या विद्यापीठांपाशी होता. मॉरिल कायद्याच्या हुंड्यांतून कोणत्याही राज्याने इतके मिळवले नाही.

परंतु हिशेबाची आणखी एक बाजू आहे. ती त्या आयोगाने तपासली नाही, कारण त्या काळी कोणी तपासतच नसे. ही जंगले मोकळी कशी झाली? विस्कॉन्सिनच्या उत्तर भागातील ओजिब्वे लोकांकडून अमेरिकन सरकारने १८३७ आणि १८४२ च्या करारांनी ती अत्यल्प मोबदल्यात घेतली होती. ज्या इथाकात विद्यापीठ उभे राहिले, तो प्रदेश कायुगा लोकांचा होता आणि १७७९ मध्ये जनरल सलिव्हन यांच्या सैन्याने त्यांची गावे आणि उभी पिके जाळली होती. २०२० साली अमेरिकेतील काही पत्रकार-संशोधकांनी मॉरिल कायद्याने वाटलेल्या जमिनींची एक-एक नोंद तपासली. सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन जवळजवळ २५० आदिवासी जमातींकडून आलेली आहे, असे त्यातून दिसले. कॉर्नेल यांनी कायदा मोडला नाही, एक डॉलरही खाल्ला नाही. तरीही आपण दिलेल्या दानातील एक हिस्सा आपला नव्हताच, हा विचार त्यांच्या कागदपत्रांत कोठे डोकावत नाही. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या क्वेकर घरातील मनुष्याला तो सुचू नये, याचे मला आश्चर्य वाटते आणि थोडा विषादही वाटतो. दाता निःस्वार्थी होता, एवढ्याने दानाच्या उगमाचा प्रश्न सुटत नाही.

विद्यापीठ ७ ऑक्टोबर १८६८ रोजी सुरू झाले. पहिल्या वर्षी ४१२ विद्यार्थी आले. इमारत एकच पुरी झालेली, डोंगरावर चिखल, आणि संस्थापक इतके आजारी की आधाराशिवाय उभे राहणे कठीण. कोणत्याही व्यक्तीला कोणत्याही विषयाचे शिक्षण मिळेल अशी संस्था स्थापण्याचा आपला मानस असल्याचे त्यांनी सांगितले होते, आणि ते वाक्य विद्यापीठाचे बोधवाक्य झाले. विद्यार्थ्यांनी अंगमेहनत करून शिक्षणाचा खर्च भागवावा, ही त्यांची आवडती कल्पना मात्र चालली नाही. सुतारकाम आणि शेतकाम करून रात्री ग्रीक भाषा शिकणे सर्वांना जमण्यासारखे नव्हते. स्वतःला जमले ते सर्वांना जमेल, असे स्वकष्टाने वर आलेल्या माणसांना नेहमीच वाटते.

कोणत्याही व्यक्तीला, यात स्त्रियाही येतात का? १८६७ च्या फेब्रुवारीत, विद्यापीठ सुरू होण्यापूर्वीच, कॉर्नेल यांनी आपल्या चार वर्षांच्या नातीला पत्र लिहिले. मुलांप्रमाणे मुलींनाही या विद्यापीठात शिकवावे, अशी आपली इच्छा आहे; हे पत्र मोठी होईपर्यंत जपून ठेव आणि अध्यापकांना दाखव, असे त्यात सुचवले होते. १८७० मध्ये जेनी स्पेन्सर नावाची विद्यार्थिनी राज्याची शिष्यवृत्ती मिळवून आली, पण टेकडीवर मुलींना राहायला जागा नव्हती. हिवाळ्यात बर्फातून चढ-उतार करणे अशक्य होऊन तिला परत जावे लागले. मग हेन्री सेज यांनी स्त्रियांच्या वसतिगृहासाठी अडीच लाख डॉलर दिले आणि १८७२ मध्ये विश्वस्तांनी स्त्रियांच्या प्रवेशाचा ठराव केला.

या विद्यापीठाशी आपल्या महाराष्ट्राचे नातेही जुने आहे. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेस गेले आणि इथाकातच शिकले. भारतीय जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये त्या गावातूनच प्रसिद्ध झाला. १९११ मध्ये त्यांना तेथे डॉक्टरेट मिळाली. परत आल्यावर त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले, आणि त्यासाठी भांडवल उभारले ते दारोदार फिरून कंपनीचे भाग विकून.

एक पत्र सांगायचे राहिले. १५ मे १८७३ रोजी, म्हणजे विधानसभेतील आरोपांच्या त्याच महिन्यात, स्त्रियांच्या वसतिगृहाची कोनशिला बसवण्यात आली. कॉर्नेल यांनी एक बंद पत्र तिच्या पोटात ठेवले. स्त्रियांना आणि पुरुषांना एकत्र शिकवण्याचा हा प्रयोग कधी फसलाच, तर तो का फसला हे या पत्रातून कळेल, आणि पत्राची नक्कल आपण ठेवलेली नाही, असे त्यांनी समारंभात सांगितले. त्यात काय असावे याचे तर्क शंभराहून अधिक वर्षे चालू राहिले. १९९७ साली इमारतीचे नूतनीकरण करताना ती कोनशिला उघडली गेली. पत्र येणाऱ्या काळातील स्त्री-पुरुषांना उद्देशून होते. कॉर्नेल यांना भविष्यात एकच खरा धोका दिसत होता, तो म्हणजे पंथापंथांतील कलह. त्याला या वास्तूत थारा असू नये, प्रत्येकाला आपल्या विवेकाप्रमाणे उपासनेची मोकळीक असावी आणि कोणत्याही श्रद्धेच्या मनुष्याचे येथे सारखेच स्वागत व्हावे, असे त्यांनी लिहिले होते. त्यांच्या जमिनींचा, रेल्वेचा किंवा त्यांच्यावरील आरोपांचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नव्हता. शेवटच्या ओळीत ही ठेव वाचणाऱ्याच्या स्वाधीन करीत असल्याचे नमूद होते.